शिडाची माया

अहो, ऐकून राहिले काय? तुमाले जाऊन आज सोळा दिवस झाले. तेरवी झाली, भंडाऱ्याचे सोयरे गेले, दारातल्या चपला कमी झाल्या, अन् मी माह्या मापाच्या वहीत, मागच्या कोऱ्या पानावर हे लिहून राहिली. समोरच्या पानावर कोणाच्या तरी ब्लाउजचं माप हाय, अर्धवट. मले चिठ्ठीपत्रीची सवय नाई हे तुमाले माहीतच हाय. मले तोंडानं बोलायची सवय, अन् ते बी जोरानं. पण एक गोष्ट अशी हाय का जे मी तोंडानं तुमाले कधी बोललीच नाई. उद्या रविवारी आपली वैशाली तुमची ती होडी घेऊन तांदुळा धरणाच्या पल्याडच्या काठाले जाऊन राहिली. त्या होडीच्या शिडात माह्या हातचं एक पाप होतं. मले एवढं भेव लागून राहिलं का पेन थांबून थांबून चालून राहिला.

आधी भांडण करू द्या, मंग पापाचं सांगीन. सारी नोकरी तुमी पोलादाच्या प्लांटात रिगरची केली. लोक विचारत, रिगर म्हणजे काय हो? मीच सांगत होती का जड सामानाले वायररोप बांधायचा, क्रेनवाल्याले हातानं खुणा करायच्या, अन् ते धूड अधांतरी नेऊन जागेवर बसवायचं. सारं उंचावर. मले लग्न होऊन इथी आली तवापासून भेवच हाय. वैशाली लहान होती तवा एकदा घरच्यायले प्लांट पाह्यले नेलं होतं, आठवते? सगळ्या बाया वर बोट दाखवून राहिल्या, मी वर पाहिलं तं तुमी गर्डरवर उभे अन् मलेच हात दाखवून राहिले. मी पोट्टीचा हात धरला, गेटाबाहेर आली अन् समोर दिसली त्या बसमध्ये चढली. ते बस जामुलची होती. सिमेंटच्या धुळीत दोन तास उभी राहिली मायलेकी. तुमी घरी आल्यावर पोट धरधरून हसले.

असा माणूस गेला कुठी, तं हुडकोच्या भाजीबाजारात. सपाट जमिनीवर. हातात दोडक्याची थैली अन् हिरव्या सांभाराची जुडी. डॉक्टर म्हणे, हार्ट. मी इतके वर्षं वरून पडाल म्हणून भेली, मंग पाण्यात बुडाल म्हणून भेली, अन् तुमी दोडके घ्यायले गेले अन् गेले. मले त्या दिवशी भेव नव्हतंच हो. मी निवांत कुकर लावून राहिली होती. याचाच राग येते मले, का ज्या दिवशी भ्यायचं होतं त्या दिवशी मी भेली नाई.

तुमी रिटायर झाले तवा मी हनुमानाले नारळ फोडला. म्हटलं, सुटली बाप्पा. वर्षभर सुटली बी होती. मंग एक दिवस ट्रेलरवर ते धूड आलं. विशाखापट्टणमले कामावर गेले होते तवा तुमी शिडाच्या होड्या पाहिल्या होत्या, अन् ते वेड डोस्क्यात घेऊनच परत आले होते, हे मले काय माहीत! तिथल्या कोण्या म्हाताऱ्या साहेबानं अंगणात झाकून ठेवली होती, ते तुमी उचलून आणली. साधी डोंगी बी नाई. खाली दोन माणसं झोपतील एवढी खोली, शेगडीची जागा, वर डोलकाठी, अन् डोलकाठीले आडवा जोडलेला जाड दांडा, ज्याच्यावर शिडाचा खालचा काठ ताणून बसते. त्या दांड्याले तुमी क्रेनवाल्यासारखं बूम म्हणत होते. "सुमन, हे तं आपलंच काम हाय वं," तुमी म्हटलं, "शॅकल तेच, टर्नबकल तेच, वायररोप तोच. खाली जमिनीच्या जागी पाणी हाय, एवढंच." मी म्हटलं, एवढंच?

तुमच्या हट्टापायी मी पहिल्या दिवशी बसली त्या होडीत. नवीन लुगडं नेसून बसली, येडी. भुनेश्वर, तो मासे धरणारा, ज्याच्या झोपडीजवळ तुमी होडी बांधत होते, तो काठावरून ओरडून राहिला होता, "दीदी, बने बइठबे!" म्हणजे नीट बस. मी नीटच बसली होती. मंग वारा फिरला. तुमी ओरडले, "डोस्कं खाली!" अन् मले वाटलं कोणाले तरी म्हणून राहिले. डोस्कं खाली कायले करते बाई? मी उठून पाहाले गेली अन् तो बूम इकडून तिकडं आला. कानाच्या वर बसला. मले फक्त तुमचं तोंड आठवते. पांढरं फटक. गर्डरवर उभा राहून हात हलवणारा माणूस, माह्याच पदरानं माह्यं रक्त पुसून राहिला होता.

दवाखान्यातून घरी आल्यावर मी सांगतलं, होडी विका. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमी सैपाकघरात आले, माह्या गळ्यातला शिलाईचा टेप ओढला अन् म्हटलं, उभी राह्य. सरळ. चप्पल घाल. मी म्हटलं, हे काय नाटक? तुमी माह्यी उंची मोजली. मंग अंबाड्यावर हात ठेवून पुन्हा मोजली. अंबाड्यासकट! पाच फूट दोन इंच, अन् वर चार बोटं. कॅलेंडरच्या मागं लिहिलं. मंग म्हटलं, "बूम वर घेतो. तू उभी राहिली तरी तुह्या केसाले लागणार नाई एवढा वर."

तेव्हापासून दोन महिने तुमी दुसरं कायी केलंच नाई. हथखोजच्या वेल्डिंगवाल्याकडून डोलकाठीवरची बिजागरी नवीन करून आणली, बूम पकडणारी. जुनी काढून दीड फूट वर बसवली. बूमचं मागचं टोक वर तोलून धरायले एक तार लावला. त्याले आवरायची दोरी आधी बसायच्या जागेच्या मधातून जात होती, पायात गुंतत होती, ते तुमी पार मागं नेली. वरून ताडपत्रीचं छत केलं, माह्या डोक्याले ऊन लागते म्हणून. बसायले गादी. भुनेश्वर हसून राहिला, म्हणे, साहब डोंगा ला घर बनात हे. तुमी म्हटलं, घरवाली बसली पाहिजे नं. हे मले त्यानंच सांगतलं, तेरवीले आला होता तवा. तुमी कायले सांगाल! तुमी फक्त घरी येऊन हात धुवत अन् विचारत, "आता बसशील?" अन् मी म्हणत होती, "आधी माह्यं डोस्कं दुखायचं थांबू द्या." डोस्कं कवाचंच थांबलं होतं.

आता पापाचं.

बूम दीड फूट वर गेला तं शीड खालून दीड फूट जास्त झालं. ते कमी करणं आलं. तुमी आणून टाकलं ते शीड माह्या पुढ्यात, समोरच्या खोलीपासून सैपाकघरापर्यंत पसरलं. "आपल्या घरात शिलाईवाली असताना बाहेर कायले देऊ?" काय शान होती बोलण्यात. खालची दीड फुटाची पट्टी कापायची, नवा काठ मारायचा, अन् दोन्ही कोपऱ्यायले जाड पट्ट्याचं थिगळ लावून त्यात कडी बसवायची. तुमी बोट ठेवून समजावलं का सारा ताण या दोन कोपऱ्यावर येते, मागच्या कोपऱ्यावर तं जास्तच. हे सुटलं तं शीड मोकळं, बूम मोकळा, होडी आडवी. "म्हणून हे पक्कं मारजो, सुमन. चार फेरे."

तुमी मलेच शिकवलं, अन् मी त्यातच पाप केलं. पट्टी कापली नाई, आत दुमडली. तुमी विचारलं, कावून? मी म्हटलं, कापडात माया ठेवायची असते. पुढंमागं बूम खाली घ्यावा वाटला तं सोडता येते. तुमी हसले, "शिडाले कायची माया?" मी म्हटलं, आमी शिलाईवाल्या जे शिवतो त्यात माया ठेवतो, तुमाले नाई समजत. खरंच हाय ते. आमी परकराले ठेवतो, ब्लाउजाले ठेवतो, वाढत्या पोट्टीच्या फ्रॉकाले तं चार बोटं ठेवतो. पण त्या मायेच्या आडून मी मागच्या कोपऱ्याचं थिगळ कच्च्या टाचेनं मारलं. लांब लांब टाके, साधा ब्लाउजचा दोरा. वरून दिसायले जाड दोऱ्याचा एकच फेरा, तो बी सैल.

चुकून नाई केलं. जाणूनबुजून केलं. मले वाटलं, काठाजवळ एखाद दिवशी हवा येईल, कोपरा उसवंल, शीड फडफडंल, भुनेश्वर डोंगी घेऊन ओढून आणंल, लोक हसतील, अन् तुमी कंटाळून होडी विकाल. एवढंच. मी तुमाले बुडवायले नाई निघाली होती. तुमाले काठावर आणायले निघाली होती. पण हे शिवताना वाटलं. जवा तुमी ते शीड लावून पहिल्या रविवारी पाण्यात गेले, तवा काठावर बसून मले समजलं का मी काय केलं. उसवणं काठाजवळच होईल हे कोणं सांगतलं होतं?

दिवाळीपासून सारे रविवार, अहो. सारे. तुमी बापलेक होडीत, अन् मी भुनेश्वरच्या झोपडीपुढं सतरंजीवर. तुमाले वाटे, ही रुसून बसली. मी शिडाच्या त्या मागच्या कोपऱ्यावरून डोळा काढत नव्हती. वाऱ्याची झुळूक आली का मी पदर तोंडात धरत होती. पदराचं टोक चावून चावून फाटलं. तुमी तिकडून प्लांटातल्या खुणा करत होते, मूठ बंद, मंग हात आडवा, म्हणजे सगळं ठीक हाय, थांबवलं हाय. मले त्या खुणा येत होत्या. मी उलटी खूण केली नाई कधी. एका वाक्यानं काम झालं असतं. "अहो, ते उसवा, मी कच्चं मारलं हाय." हे वाक्य मी गाडीत येताना तोंडात धरत होती अन् घर आलं का गिळत होती. कावून? तं तुमी म्हणाल, हिनं मले मारायले केलं. तुमचा विश्वास गेला असता. त्याचं भेव पाण्यापेक्षा बी मोठं निघालं.

अन् शीड कायी उसवलं नाई. मी म्हटलं, देव हाय. मंगळवारचे उपास धरले. तुमी विचारलं, हे उपास कायचे? मी म्हटलं, गुडघ्याचे.

शेवटच्या सकाळी बी तेच भांडण झालं. तुमी चहा पिताना म्हटलं, "पल्याडच्या काठाले पळसाचं जंगल हाय म्हणते भुनेश्वर. तू आली तं जाऊ." मी पोळ्या लाटून राहिली होती. म्हटलं, "माह्या मेल्यावर घेऊन जा मले." तुमी उठले. थैली घेतली, चपला घातल्या, विचारलं, दोडके आणू का भेंडी? मी म्हटलं, काहीबी आणा. आपलं शेवटचं बोलणं हे. काहीबी आणा.

तेरवी झाल्यावर वैशाली म्हणे, "आई, मी रायपूरले वापस जायच्या आधी एकदा होडी घेऊन पल्याड जाऊन येते. बाबांचं ते राहूनच गेलं." माह्या हातातलं ताट सुटलं. तिनं उचललं, पुसलं, माह्याकडं पाहिलं. मी म्हटलं, हवा वाढली हाय आता. तिनं म्हटलं, "देख लूंगी." मी म्हटलं, एकटी नको. तिनं म्हटलं, भुनेश्वरभैया येऊन राहिले. मी म्हटलं, आधी वर्षश्राद्ध होऊ दे. "आई, वो क्या होता है, होडी का भी श्राद्ध?" तुमच्यासारखीच हाय. टोमणा मारते अन् तोंड सरळ ठेवते.

तीन दिवस मी भेऊन राहिली. खाल्लं ते अंगाले लागलं नाई. मनात म्हणे, सांग, सांग, सांग. अन् मनच म्हणे, बाप गेला अन् आता मायले बी टाकंल का पोट्टी? तुमच्या पुढं एक वाक्य गिळलं त्याचे इतके रविवार झाले, अन् आता तिच्या पुढं बी गिळू? काल मी एक लबाडी केली, ते बी सांगून टाकू. शिडाची पिशवी पलंगाखालून काढून शेजारच्या घरी ठेवायले निघाली होती. म्हटलं, चोरी झाली म्हणीन. दारातूनच वापस आली. या वयात शीड चोरायले निघाली तुमची बायको.

आज दुपारी जेवण झाल्यावर वैशालीनं पिशवी खोलली. शीड पसरलं, तसंच समोरच्या खोलीपासून सैपाकघरापर्यंत. मी भांडे घासून राहिली होती. हात तसेच राखेचे घेऊन आली अन् म्हटलं, "वैशू, हे घेऊन जाऊ नको. मागचा कोपरा कच्चा हाय. मी कच्चा मारला. तुह्या बाबाले पाण्यात जाऊ द्यायचं नव्हतं म्हणून मारला." एका दमात बोलली. मंग भिंतीले टेकली. वाटलं, आता काय बोलंल ते बोलंल.

वैशाली म्हणे, "मले माहीत हाय."

मी म्हटलं, कोणं सांगतलं? "बाबांनी. पहिल्याच दिवशी."

अहो.

तिनं सांगतलं सारं, तिथंच शिडावर मांडी घालून. म्हणे, शीड चढवायच्या आधी तुमी नेहमीसारखा हात फिरवला. हात फिरवल्याशिवाय भार द्यायचा नाई, हे तुमचं प्लांटातलं. कोपऱ्यावर बोट आलं अन् थांबलं. नखानं एक टाका उचलून पाहिला. वैशाली म्हणे, बाबा काय झालं? तुमी म्हटलं, "तुह्या मायनं कच्ची टाच मारली." वैशाली म्हणे, आई चुकली असंल, वापस नेऊ. तुमी म्हटलं, "तुह्यी माय टाका चुकत नाई. हे तिचं म्हणणं हाय. तोंडानं भांडते ते वेगळं. हे सुईनं म्हणून राहिली. ऐकावं लागंल."

मी ऐकून राहिली होती अन् मले कायी दिसत नव्हतं.

पोट्टी म्हणे, मी कितीदा बोलली बाबाले, हथखोजच्या ताडपत्रीवाल्याकडून पक्कं मारून घेऊ, आईले कळणार बी नाई. तुमी म्हटलं, नाई. तिनं शिवलेल्या तिच्या भेवाले दुसऱ्याचा हात लावायचा नाई, तिचं ते तीच उसवंल. तवापर्यंत आपण काठाच्या जवळ राहू. हवा वाढली का तुमी सगळ्यात आधी शीड उतरवत होते. मले काठावरून वाटे, वा, आज हवा पडली, देव पावला. तो देव तुमी होते, दोरी सोडणारा. मूठ बंद, हात आडवा. थांबवलं हाय. तुमी मलेच सांगून राहिले होते, अन् मले वाटलं माणसाचा नुसता रुबाब हाय.

म्हणून तुमी पल्याड गेले नाई. कधीच. पळसाचं जंगल भुनेश्वरच्या तोंडून ऐकलं फक्त. माह्या चार इंचाच्या कच्च्या टाचेनं तुमाले तेवढ्याच पाण्यात बांधून ठेवलं, अन् तुमी जाणूनबुजून बांधून घेतलं. मले आता समजत नाई का मी तुमाले वाचवलं का तुमचं हिसकून घेतलं. दोन्ही असंल. राग येते तुमचा. बोलायचं होतं नं! एकदा म्हणायचं होतं, सुमन, मले माहीत हाय. मी रडली असती, भांडली असती, मंग पक्कं मारून देलं असतं. अन् कदाचित बसली बी असती. तुमी मले वाट पाहायले वेळ देला, अन् तेवढा वेळ आपल्यापाशी होता कुठी हो?

वैशालीले विचारलं, तं तू उद्या हेच घेऊन चालली होती? पोट्टी म्हणे, "पागल हूं क्या? आज संध्याकाळी ताडपत्रीवाल्याकडं नेणार होती. पण वाटलं, दुपारपर्यंत थांबू. तू बोलतं का पाहू." तीन दिवस माह्यं तोंड पाहून राहिली होती ती. बापाचीच पोट्टी. मंग तिनं मशीनकडं पाहिलं अन् हळूच म्हटलं, "शिवून देतं का?"

हे विचारलं अन् पुन्हा तेच भेव आलं माह्या अंगावर, वेगळ्या दारातून. कच्चं होतं तोवर पोट्टी काठाजवळ राहिली असती. पक्कं मारलं तं हा कोपरा कोणत्याच वाऱ्यानं सुटणार नाई, अन् सुटणार नाई तं पोट्टी पल्याड जाईल. काठावरून दिसणार नाई तिथं जाईल. भेतं वं कायले, असं म्हणायले तुमी नाई. हातात सुई घेऊन मी किती वेळ बसली मले माहीत नाई. तिनं चहा करून आणला, बाजूले ठेवला.

मंग मी उसवायले घेतलं. ब्लाउजचा दोरा एका ओढीत निघाला, वळवळ करत, कायी जोर लागला नाई. त्यावर तुमी इतके रविवार बसले होते. मी तो दोरा बोटाले गुंडाळला अन् तुमच्या नावानं दोन शिव्या घातल्या, अन् मंग रडली. तुमी गेल्यापासून पहिल्यांदा पोटातून रडली. आतापर्यंत सोयऱ्यायसाठी रडत होती.

आतली दुमडलेली माया पाहून वैशाली म्हणे, हे कापून टाकू का आता? मी म्हटलं, राहू दे. माया खोटी नव्हती, शिलाई खोटी होती. मशीनची सुई थिगळावर टेकताच तुटली, दुसरी बी तुटली. मंग हातानं घेतलं. नायलॉनचा जाड दोरा, मेणबत्तीवर घासलेला. तुमचं ते चामड्याचं हातमोजं घातलं, वायररोप धरायचं, सुई ढकलायले. मोठं होते मले, बोटं आत फिरतात. वैशाली कापड ताणून बसली. एक फेरा, दोन, तीन, चार. तुमी सांगतले तेवढे. मंग पाचवा घातला, माह्या मनानं. समोरच्या कोपऱ्यावर बी हात फिरवला, नखानं टाका उचलून पाहिला. तो पक्का होता.

उद्या सकाळी निघायचं हाय. वैशाली मलेबी चाल म्हणते. जागा हाय, छत हाय, गादी हाय, म्हणे. मी अजून हो म्हटलं नाई. माह्यं अंग आताच पाण्यात गेल्यासारखं थंड होऊन राहिलं. होडीत बसली तं भेव हाय, काठावर राहिली तं त्याहून जास्त हाय, अन् घरी राहिली तं कुकरची शिटी ऐकत बसायचं हाय, ते तं होणारच नाई माह्याच्यानं. तुमी असते तं म्हणाले असते, उद्याचं उद्या पाहू वं.

शीड पिशवीत भरलं हाय. पिशवी दारापाशी ठेवली हाय. मले लय भेव लागून राहिलं हो. पण त्या कोपऱ्यात एकही टाका मी सैल नाई सोडला.